चौथ्या दिवसाची चिपडे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची कल्याणच्या एका प्रसूतिगृहात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन डोंबिवलीला आईकडे आली. मुलगा, तीन किलोच्या आसपास वजन, रडणे खणखणीत. सगळे कसे यथासांग. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास माझा फोन वाजला. ‘‘मावशी, याचा उजवा डोळा उघडतच नाही गं. पिवळी चिपडे आलीत, पापण्या चिकटल्यात.’’ मी पूर्वेला, ती पश्चिमेला. स्टेशनचा पूल ओलांडून पोचेपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्या वेळात त्या दोन खोल्यांच्या घरात चार उपाय तयार झाले होते.

पणजीबाईंचे म्हणणे, ही उष्णता. बाळंतिणीच्या खाण्यात काहीतरी उष्ण आले. इलाज काजळाचा, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले, घरचे, शुद्ध. मालीश करायला आलेल्या बाईंचे मत पडले, की आईच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यात पिळा, संध्याकाळपर्यंत डोळा लख्ख. माझी बहीण, म्हणजे बाळाची आजी, कपाटात गुलाबपाण्याची बाटली शोधत होती. आणि जावईबापू स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली घेऊन धापा टाकत जिना चढत होते. ‘‘डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स द्या’’ एवढेच त्यांनी सांगितले होते. कोणाच्या डोळ्यांत, ते दुकानदाराने विचारले नव्हते. बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली, तेव्हा प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोन असल्याचे दिसले. हे स्टिरॉइड. नको त्या संसर्गात ते डोळ्यात पडले, की वरवरची लाली ओसरते, घरचे निर्धास्त होतात आणि आत जंतूंचे फावते.

त्या दिवशी सुदैवाने यातले काहीच बाळाच्या डोळ्यात गेले नाही. नऊ वाजता आम्ही नेत्रतज्ज्ञ बाईंच्या दारात होतो. बाळाला हात लावण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारले. कितवा दिवस? एक डोळा की दोन्ही? पापण्यांना सूज आहे का? मग हात धुतले, पापणी हलकेच वर करून बॅटरीच्या प्रकाशात बुबुळ पाहिले, निर्जंतुक कापसाच्या काडीवर थोडा पू घेऊन तो काचपट्टीवर पसरला आणि तपासायला पाठवला. तासाभराने निरोप आला, की भिण्यासारखे जंतू दिसत नाहीत. डोळा स्वच्छ ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, सूज आली किंवा दुसरा डोळाही चिकटला तर दोन दिवसही थांबू नका.

‘‘म्हणजे उगीच घाबरलो,’’ जावईबापू म्हणाले.

‘‘उगीच नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चौथ्या दिवसाची चिपडे मी आजवर न बघता परत पाठवलेली नाहीत.’’

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिले. चिपडे तर चिपडे, त्यांना दिवस कशाला मोजायचे? आपल्याकडे पाचवी मोजतात, बाराव्या दिवशी बारसे मोजतात, सव्वा महिना मोजतात. डोळ्यांचेही असे दिवस असतात, हे आम्हा चार सुशिक्षित माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

गर्भाशयाच्या पिशवीत असेपर्यंत बाळाच्या डोळ्यांना जंतूंची सहसा गाठ पडत नाही. ती पहिल्यांदा पडते ती जन्माच्या वाटेवर. आईच्या जननमार्गात जे जंतू असतील ते बाळाच्या पापण्यांवर येतात आणि त्यांतले काही आत शिरतात. मोठ्या माणसाचा डोळा अशा वेळी अश्रूंनी धुऊन निघतो. नवजात बाळ रडते खूप. पण पहिले काही आठवडे त्याला फारसे अश्रूच नसतात. प्रतिकारशक्तीही कच्ची. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत डोळे आले, तर वैद्यकशास्त्र त्याला वेगळे नाव देते आणि वेगळ्या गांभीर्याने पाहते.

आता त्या दिवसांचा हिशेब. पहिल्या चोवीस तासांतच डोळे लाल झाले, तर बहुधा जन्मतः घातलेल्या एखाद्या औषधाची ती जळजळ असते आणि एक-दोन दिवसांत आपोआप जाते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दोन्ही पापण्या टरारून सुजल्या आणि पुसला तरी पुन्हा पुन्हा भरून येणारा पू दिसला, तर पहिला संशय परम्याच्या जंतूचा घ्यायचा. पाचव्या ते चौदाव्या दिवसात क्लॅमिडिया नावाच्या जंतूची पाळी. बाकीचे किरकोळ समजले जाणारे जंतू, हातावरून, टॉवेलवरून, नाकातोंडातून येणारे, यांना ठरावीक वार नाही. अर्थात हे वेळापत्रक आपल्या मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाइतपतच पाळले जाते. पाण्याची पिशवी आधीच फुटली असेल, तर पहिल्या दिवशीही पू दिसू शकतो. म्हणून दिवसावरून निदान करायचे नाही, फक्त घाई किती करायची ते ठरवायचे.

आणि परम्याच्या बाबतीत घाई म्हणजे घाईच. बहुतेक जंतूंना बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरायला आधी एखादी जखम लागते. हा जंतू धडधाकट पडद्यातूनही आत घुसू शकतो. एका दिवसात व्रण, त्या व्रणाला भोक, आणि मग जन्मभराचे फूल किंवा डोळाच निकामी. ‘बारसे झाले की दाखवू’ म्हणणाऱ्या घराला पुढे दाखवण्यासारखे काही उरत नाही. उलट वेळेवर नेले, तर उपाय सोपा आहे: रुग्णालयात दाखल करून योग्य प्रतिजैविकाचे इंजेक्शन, आणि सलाइनने डोळे पुन्हा पुन्हा धुणे. नुसते थेंब घालून हा आजार जात नाही. क्लॅमिडियाचेही तसेच, तो डोळ्यांपुरता राहिला नाही तर पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसांत उतरतो, म्हणून त्याला पोटातून औषध द्यावे लागते.

या विषयाशी कल्याणचा एक जुना धागा आहे. आनंदीबाई जोशी 31 मार्च 1865 रोजी कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या बाळाला नेमके काय झाले होते, याबद्दल तर्क करण्यात अर्थ नाही. पण डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या दहा दिवसांशी जोडला जातो. 1886 साली फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. योगायोग असा, की नवजात बाळांच्या डोळ्यांचे सारे शास्त्र याच वर्षांत बदलत होते. 1879 मध्ये अल्बर्ट नायसर याने परम्याचा जंतू ओळखला. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात कार्ल क्रेडे हे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांनी 1880 पासून प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब काचेच्या कांडीने घालायला सुरुवात केली. आधी त्यांच्या प्रसूतिगृहातल्या शंभरातील दहा-एक बाळांचे डोळे यायचे. ते प्रमाण दोनशेत एकाच्याही खाली उतरले. एक थेंब, एक काचकांडी, बस्स! वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके डोळे क्वचितच वाचले असतील. आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा हा थेंब गावोगावच्या प्रसूतिगृहांत पोचत होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांची वाट पाहत होती. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीसही पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या आणि शिकलेले सारे त्यांच्याबरोबर गेले.

क्रेडेंच्या थेंबाला औषधापेक्षा मोठा अडथळा होता तो लाजेचा. हा जंतू येतो कुठून? बहुतेक वेळा नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून बाळाला. बायकांना त्याची कित्येकदा काहीच लक्षणे नसतात. मग हे कोणी, कोणासमोर बोलायचे? 1907 साली हेलन केलरने अमेरिकेतल्या बायकांच्या एका लोकप्रिय मासिकात या टाळता येण्याजोग्या अंधत्वावर उघड लिहिले. तिचे स्वतःचे अंधत्व या आजाराचे नव्हते. पण घरंदाज बायकांच्या मासिकात हा विषय आणायला आंधळी, बहिरी आणि जगभर आदर असलेली बाईच लागली.

आपल्याकडे ती लाज आजही चांगली ठणठणीत आहे. बाळाच्या पुवात हा जंतू सापडला, की पहिले बोट सुनेकडे जाते. खरे तर डॉक्टर त्या वेळी फक्त एवढेच सांगत असतात, की आई आणि वडील दोघांनीही औषध घ्यायचे आहे, दोघांनीही, नाहीतर पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा हेच. सरकारी रुग्णालयांतून यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचे विभाग आहेत, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते. त्याहून सोपे म्हणजे गरोदरपणातच बोलणे. अंगावरून पांढरे जात असेल, वास येत असेल, लघवीला जळजळ असेल, तर ‘बायकांचे हे असतेच’ म्हणून गप्प न राहता नाव नोंदवलेल्या डॉक्टरांना सांगणे. बाळाच्या डोळ्यांची खरी काळजी सातव्या महिन्यातच सुरू होते.

तो थेंब आज घालतात का? यावर जगात एकमत नाही. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना झोंबते, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनचे मलम आले. केनियात झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अडीच टक्के पोव्हिडोन आयोडीनचे स्वस्त द्रावणही चांगले काम करते, हे दाखवले. ब्रिटनने सरसकट थेंबांची पद्धत केव्हाच सोडली. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2015 मध्ये सांगितले, की बाळांना औषध घालत बसण्यापेक्षा गरोदर बायकांची तपासणी करा. जागतिक आरोग्य संघटना मात्र 2016 पासून प्रत्येक नवजात बाळाला हे प्रतिबंधक औषध घाला, असेच म्हणते. आपल्याकडे रुग्णालयागणिक पद्धत वेगळी. तेव्हा घरी निघताना कार्डावर पाहावे, आणि तिथे नसेल तर विचारावे, की डोळ्यांत काही घातले का. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता काजळाचे. इथे मला पणजीबाईंशी भांडायचे नाही, कारण माझ्या स्वतःच्या बाळपणीच्या एकुलत्या एका फोटोत माझे डोळे कथकलीच्या नटासारखे रंगवलेले आहेत. काजळाने डोळे मोठे होतात, हे खरे नाही. डोळ्यांचा आकार हाडांच्या खोबणीवर ठरतो. दृष्ट लागत नाही, यावर माझा विश्वास आहे-नाही तो भाग सोडा. मुद्दा बोटाचा आहे. घरचे काजळ म्हणजे तुपाची किंवा एरंडेलाची काजळी, त्यात विष नसेलही. पण ती डबी महिनोन्‌महिने उघडी, तिच्यात घरातल्या सगळ्यांची बोटे, आणि तेच बोट, नखासकट, चार दिवसांच्या बाळाच्या पापणीच्या आतून फिरते. बुबुळावर साधा ओरखडा उठला तरी जंतूंना दार उघडते. शिवाय काजळीचे कण आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रापाशी साचतात, तिथून तर अश्रूंचा निचरा व्हायचा असतो. बाजारच्या सुरम्याची गोष्ट आणखी वाईट. त्यातले काही प्रकार शिशाच्या खनिजाचे असतात, आणि शिसे बाळाच्या अंगात गेले तर मेंदूच्या वाढीवर घाव घालते. हे काजळ घालणे बंद झाले तर रूढीचे काही बिघडत नाही. तीट लावायचीच असेल, तर तळपायाला लावावी. दृष्ट काढणाऱ्यांना पायाचे वावडे असल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

दुधाचे थेंब, गुलाबपाणी, मध, सगळ्यांना हेच लागू. आईच्या पहिल्या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, हे अगदी खरे. पण त्यांची जागा बाळाच्या पोटात. डोळ्यात साचलेले गोड दूध कधी जंतूंनाच पोसते, आणि पोसले नाही तरी डॉक्टरांकडे जायचा दिवस वाया घालवते.

न्हाऊमाखू हा तर आपल्याकडे सोहळा. डोंबिवलीत, ठाण्यात मालीशवाल्या बाई एका सकाळी चार-पाच घरी जातात. त्यांचे हात कसबी असतात, त्यांच्यावाचून बाळंतिणींचे चालत नाही. त्यांना एवढेच सांगावे, आणि ताठ्याने नव्हे: ‘‘ताई, आधी साबणाने हात धुवा, कपाळावर तेल कमी घ्या, डोळ्यांत डाळीचे पीठ जाऊ देऊ नका, आणि नाकात-डोळ्यांत फुंकर मारू नका.’’ धुरीचे मात्र मी मन घट्ट करून नाही म्हणेन. ओवा-धुपाची शेगडी, बंद खिडक्या आणि दहा बाय दहाची खोली. मोठ्यांचे डोळे झोंबतात, तिथे बाळाचे काय? वाड्यातल्या उंच छपराखाली जे चालून गेले, ते फ्लॅटच्या न्हाणीघरात चालणार नाही.

मग घरी करायचे तरी काय? फार थोडे. हात साबणाने धुवायचे. पाणी उकळून, झाकून, गार करायचे. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून पिळायचा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचे; तो बोळा टाकायचा. पुन्हा पुसायचे तर नवा बोळा. दुसऱ्या डोळ्याला पहिल्याचा बोळा कधीच नाही. पदराचे टोक नाही, रुमाल नाही, बाजारातले सुगंधी ओले कागद नाहीत. चिपडे वाळून घट्ट झाली असतील तर ओला बोळा क्षणभर ठेवून मऊ होऊ द्यावी, खरवडू नयेत. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, आणि फोडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. मोठ्या भावंडाच्या वेळची अर्धी उरलेली बाटली फ्रिजच्या दारात जपून ठेवण्याची आपली काटकसर इथे नको.

घरात दुसऱ्या कोणाचे डोळे आले असतील, तर त्या माणसाने बाळापासून लांब राहायचे, मग तो आजोबा का असेना. 2023 च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा घरेच्या घरे चष्मे लावून बसलेली आपण पाहिली. ती साथ नजरेने पसरत नाही, हाताने पसरते. काळा चष्मा लावून बाळाला मांडीवर घेणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

खेड्यात, वस्तीत ही नजर कोण ठेवणार? याचे एक चांगले उत्तर महाराष्ट्रातूनच आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांतल्या साध्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झाले. 2011 पासून ते काम देशभर आशा कार्यकर्तींकडे आले. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, आणि तिच्या तक्त्यात डोळ्यांचाही रकाना आहे: सूज आहे का, पू आहे का. तिसरा आणि सातवा हे दिवस डोळ्यांच्या दृष्टीने किती मोक्याचे, ते वर आलेच आहे. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर ती जाते. डोंबिवलीच्या सोसायट्यांत सहसा ती येत नाही, आणि तिथल्या शिकलेल्या घरांना तिची गरज नाही असे मी त्या सकाळपूर्वी म्हटले असते. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ही दारे सर्वांना उघडी आहेत; पण दाराशी जायचे कधी, ते घरातल्या कोणाला तरी कळावे लागते.

चिपडे नसलेल्या डोळ्यांबद्दलही दोन शब्द. बाळ चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले, तर त्याचा डोळा वरून कितीही नितळ दिसो, पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत झालीच पाहिजे. फारच लहानग्यांची त्याहूनही आधी. बाहुली पांढरट दिसणे, बुबुळ मोठे आणि धुरकट असणे, उजेडाने बाळाने डोळे घट्ट मिटून घेणे, यांतले काहीही संसर्ग नसते आणि काहीही थांबण्यासारखे नसते. बालकांच्या आरोग्य तपासणीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाली. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा विकार, दोन्ही त्याच्या यादीत आहेत.

आमच्या बाळाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चिपडे आठवड्यात गेली. पण तिसऱ्या आठवड्यात तोच उजवा डोळा सारखा पाणावू लागला. पुन्हा बाईंकडे. त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या कडेला, बोटाने हलकेच दाबले तर चिकट पाण्याचा थेंब वर आला. अश्रू नाकात उतरतात त्या नळीच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. काही बाळांत तो जन्मानंतरही बंद राहतो. इथे मात्र धावायचे नाही, थांबायचे. दिवसातून तीन-चार वेळा, नख कापलेल्या स्वच्छ करंगळीने, कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली आठ-दहा वेळा दाबत न्यायचे. दहापैकी नऊ बाळांत वर्षाच्या आत ती वाट मोकळी होते. नाही झाली तर डॉक्टर बारीक सळईने उघडतात. कोपऱ्यावर लाल गाठ किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचे.

ही मालीश कोणी करायची, यावर घरात पुन्हा चर्चा झाली. काम पणजीबाईंनी अंगावर घेतले. काजळ घालायला मिळाले नाही, निदान हे तरी. रोज सकाळी नखे पाहायच्या, साबणाने हात धुवायच्या, आणि आठपर्यंत मोठ्याने आकडे मोजायच्या. सातव्या महिन्यात डोळा कोरडा झाला. डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून पाहिले, काही आले नाही. निघताना त्यांनी बाळाचे मोजे काढून पाय पाहिले. डाव्या तळपायावर रुपयाएवढा काळा ठिपका होता. त्या काही बोलल्या नाहीत.